धनजीशा कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ, १९३७: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई प्रांताच्या इतिहासात १ एप्रिल ते १९ जुलै १९३७ हा काळ बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो. ‘काँग्रेसने नकार दिल्यामुळे कूपर यांचं हंगामी मंत्रिमंडळ आलं’, एवढं सांगून लेखक थेट काँग्रेसच्या बाळासाहेब खेरांवर जातात. मला हे नेहमी खटकत आलं आहे. विधानसभेत बहुमत नसताना सरकार चालवलं तर काय होतं, याचा आपल्याकडचा पहिला धडा या साडेतीन महिन्यांत मिळाला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, साताऱ्याचे वाचक आणि सावरकरांच्या चरित्राचे अभ्यासक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

कूपर मंत्रिमंडळ म्हणजे नेमकं काय?

१९३५च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली आणि त्या कायद्याचा प्रांतांविषयीचा भाग १ एप्रिल १९३७ला अमलात आला. त्याच दिवशी मुंबई प्रांताची सूत्रं सर धनजीशा बोमनजी कूपर यांच्या चार जणांच्या मंत्रिमंडळाने हाती घेतली. विधानसभेतला सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस होता आणि त्याने सरकार बनवायला नकार दिला होता. म्हणून गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी अल्पमतातल्या मंडळींना बोलावलं. जुलैत काँग्रेसचा विचार बदलला, कूपर पायउतार झाले आणि १९ जुलैला खेर मंत्रिमंडळ आलं. एकूण सुमारे ११० दिवस.

हा मुंबई प्रांत म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. त्यात गुजरातचे ब्रिटिश जिल्हे होते, कोकण, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र होता, बेळगाव-धारवाड-विजापूर-कारवार होतं. विदर्भ मध्य प्रांतात होता, मराठवाडा निजामाकडे आणि गोवा पोर्तुगिजांकडे. सिंध वर्षभर आधीच, १९३६मध्ये, मुंबईपासून तोडून वेगळा प्रांत केला होता.

मग मुंबईचे पहिले मुख्यमंत्री कोण, कूपर की खेर?

कालक्रमाने कूपर. त्या वेळी प्रांताच्या सरकारच्या प्रमुखालाही पंतप्रधान किंवा मुख्य प्रधान म्हणत. मुख्यमंत्री हे पद १९५०च्या घटनेनंतरचं. परीक्षेत ‘मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान’ असं विचारलं तर उत्तर धनजीशा कूपर. ‘निवडून आलेल्या बहुमताच्या बळावर सरकार चालवणारे पहिले’ असं विचारलं तर बाळ गंगाधर खेर. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बऱ्याच प्रश्नपत्रिकांत त्यांची सरमिसळ होते.

१९३७च्या निवडणुकीत कोणाला किती जागा मिळाल्या होत्या?

मुंबई विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांची विभागणी नीट पाहिल्याशिवाय पुढचं राजकारण उमगत नाही. सर्वसाधारण जागा ११४. त्यांतल्या १५ अस्पृश्य वर्गांसाठी राखीव आणि ७ मराठ्यांसाठी राखीव. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघांतून २९. युरोपियनांना ३, अँग्लो-इंडियनांना २, भारतीय ख्रिश्चनांना ३, व्यापार-उद्योगाला ७, जमीनदारांना २, विद्यापीठाला १, कामगारांना ७, मागास भागाला १ आणि स्त्रियांसाठी ६, त्यांपैकी १ मुसलमान स्त्रीसाठी.

अशा तुकड्या पाडलेल्या सभागृहात काँग्रेसने ८६ जागा मिळवल्या. बहुमताला ८८ लागत. म्हणजे दोन कमी. काही अपक्ष आणि लहान गट तिच्याबरोबर येणार हे उघड असल्यामुळे सरकार बनवण्यात तिला अडचण नव्हती. तरी कागदावर बहुमत नव्हतं, आणि मुंबईचं वेगळेपण इथेच आहे. मद्रासला २१५पैकी १५९ जागा काँग्रेसच्या होत्या. तिथल्या गव्हर्नरला ‘बहुमत कोणाचं ते स्पष्ट नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. ब्रेबॉर्नना ती थोडीफार होती.

उरलेल्या जागांवर मुस्लिम लीग, डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, ब्राह्मणेतर पुढारी, लोकशाही स्वराज्य पक्ष, उदारमतवादी आणि पुष्कळसे अपक्ष होते. हे सगळे एकत्र येणं शक्यच नव्हतं. कूपर यांच्यामागे उभे होते ते या उरलेल्यांतले काही थोडे.

काँग्रेसने जिंकूनही सरकार का बनवलं नाही?

या प्रश्नाचं उत्तर फैजपूरपासून सुरू होतं. डिसेंबर १९३६मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. तिथे निवडणूक लढवायचं ठरलं, पण निवडून आल्यावर मंत्रिपदं घ्यायची की नाही, हा निर्णय पुढे ढकलला. पक्षात उघड दोन तट होते. जवाहरलाल नेहरू आणि समाजवादी गटाचं म्हणणं असं की ज्या कायद्याला आपण गुलामीची सनद म्हणतो, तो चालवायला आपणच खुर्चीवर कसं बसायचं? राजाजी, सत्यमूर्ती, वल्लभभाई यांना वाटे की हाती आलेली सत्ता सोडली तर तीच सत्ता आपल्याविरुद्ध वापरली जाईल.

मार्च १९३७मध्ये दिल्लीत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली. गांधीजींनी मधला मार्ग काढला: मंत्रिपदं घ्या, पण प्रांतातल्या काँग्रेस पक्षाच्या नेत्याची आधी खात्री पटली पाहिजे की मंत्री घटनेच्या चौकटीत काम करत असतील तोवर गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाही आणि त्यांचा सल्ला डावलणार नाही. हे त्या नेत्याला जाहीरपणे सांगता आलं पाहिजे, अशीही अट होती. ठराव १२७ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला. विरोधात ७० मतं पडली, यावरून पक्षातली ओढाताण दिसते.

त्यानंतर मुंबईतल्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाचे नेते खेर गव्हर्नरना भेटले. त्यांनी आश्वासन मागितलं, ब्रेबॉर्ननी ते देता येत नाही असं सांगितलं आणि बोलणी तिथेच थांबली. सहाही काँग्रेसबहुल प्रांतांत मार्चच्या अखेरीस जवळजवळ हेच संभाषण झालं.

एवढं आश्वासन द्यायला गव्हर्नरांची काय हरकत होती?

कायद्याचं कलम ५२. त्यात गव्हर्नरवर ‘विशेष जबाबदाऱ्या’ टाकल्या होत्या: प्रांताच्या शांततेला गंभीर धोका उत्पन्न होऊ न देणं, अल्पसंख्याकांचे न्याय्य हितसंबंध जपणं, सरकारी नोकरांचे हक्क सांभाळणं, संस्थानांचे हक्क सांभाळणं वगैरे. या बाबतींत मंत्र्यांचा सल्ला बाजूला ठेवून स्वतःच्या निर्णयाने वागण्याचा अधिकार त्याला होता. सरकारची बाजू अशी होती की संसदेने कायद्याने घातलेली जबाबदारी गव्हर्नर तोंडी शब्दाने सोडून देऊ शकत नाही.

कायद्याच्या भाषेत हा युक्तिवाद पक्का होता. राजकीयदृष्ट्या मात्र काँग्रेसचं म्हणणं मला जास्त खरं वाटतं. ‘शांततेला गंभीर धोका’ कशाला म्हणायचं हे गव्हर्नरच ठरवणार असेल, तर शेतसाऱ्यापासून मिरवणुकीच्या परवान्यापर्यंत काहीही त्यात बसवता येतं. दहा वर्षांत दोनदा लाठ्या खाल्लेल्या आणि तुरुंगात गेलेल्या माणसांनी त्याच सरकारच्या प्रतिनिधीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा फारच मोठी होती.

मग सरळ गव्हर्नरची राजवट का आणली नाही? अल्पमतातल्या लोकांना कशाला बसवलं?

कलम ९३खाली तशी सोय होती. घटनेनुसार कारभार चालवणं अशक्य झालं तर गव्हर्नरला सगळी सत्ता स्वतःकडे घेता येई. पण नवी राज्यघटना सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी अकरापैकी सहा प्रांतांत ‘ती चालत नाही’ असं जाहीर करायचं? लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड झेटलंड आणि दिल्लीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांना हे मुळीच परवडणारं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या चर्चा, गोलमेज परिषदा, संसदेतले वाद, इतकं करून उभी केलेली व्यवस्था पहिल्या दिवशी कोसळली असं जगाला दिसलं असतं.

शिवाय एक हिशेब होता. मंत्रिपदं दुसऱ्यांनी घेतलेली पाहिली की काँग्रेसमधल्या सत्तेच्या बाजूच्या लोकांची चुळबुळ वाढेल आणि ते आपणहून येतील. पुढे घडलं ते पाहता हा हिशेब बराचसा बरोबर निघाला.

धनजीशा कूपर कोण होते?

साताऱ्याचे पारशी उद्योजक. गरिबीतून वर आलेले. पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा रोड स्टेशनजवळ पाडळीला त्यांनी कारखाना काढला. तिथे लोखंडी नांगर आणि शेतीची अवजारं, पुढे तेलावरची इंजिनंही तयार होऊ लागली. लाकडी नांगराने काळ्या जमिनीत खोल नांगरट होत नाही, हरळी मुळासकट निघत नाही. लोखंडी नांगराने ते काम होऊ लागलं. दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकरी घरांत कूपरचा नांगर हे नाव अजून माहीत असतं. हा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला.

राजकारणात ते ब्राह्मणेतर चळवळीच्या बाजूचे. सातारा हा सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा बालेकिल्ला होता आणि जिल्हा लोकल बोर्डाच्या राजकारणात कूपर यांचं वजन मोठं होतं. बहुजन समाजातले जमीनधारक शेतकरी त्यांच्याशी जोडलेले होते. पारशी माणूस मराठा-बहुजन राजकारणाचा आधार कसा, असं आज कोणी विचारतं. पण साताऱ्यात नांगर, कर्ज, नोकरी आणि बोर्डातली जागा या चारही वाटांनी माणसं त्यांच्यापर्यंत पोचत होती. द्विदल पद्धतीच्या काळात, म्हणजे १९३७पूर्वी काही खाती मंत्र्यांकडे आणि काही गव्हर्नरकडे असताना, त्यांनी प्रांताच्या सरकारात मंत्री म्हणूनही काम केलं होतं. ब्रेबॉर्न यांच्या दृष्टीने ते ओळखीचे, कारभार जाणणारे आणि सरकारशी भांडण न मांडणारे होते.

म्हणून त्यांना नुसतं ‘सरकारचं बाहुलं’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. त्यांची राजकीय निवड चुकली असं मी म्हणेन. पण १९२०-३०च्या दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांत जी सत्ता ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी मिळवली होती, ती एका निवडणुकीत काँग्रेसकडे चालली होती, आणि त्यातले काही जण हातातलं शेवटचं स्थान टिकवू पाहत होते.

मंत्रिमंडळात आणखी कोण होतं?

तिघे, आणि तिघे तीन वेगळ्या वाटांनी आलेले. हुबळीचे सर सिद्दप्पा कांबळी: लिंगायत समाजातले ब्राह्मणेतर पुढारी, आधीच्या राजवटीत मंत्री राहिलेले. हुसेनअल्ली रहिमतुल्ला: मुंबईचे मुस्लिम पुढारी.

तिसरे जमनादास मेहता. हे नाव या यादीत पाहून अभ्यासक थबकतात. बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे अनुयायी, रेल्वे कामगारांचे नेते आणि न. चिं. केळकरांसारख्या टिळकपंथीयांबरोबर लोकशाही स्वराज्य पक्षात असलेले. इंग्रज सरकारवर आयुष्यभर टीका करणारा हा माणूस गव्हर्नरच्या बोलावण्यावरून मंत्री झाला. टिळकांच्या ‘प्रतियोगी सहकारिते’चा अर्थच हा, की जेवढं मिळेल तेवढं घ्या आणि उरलेल्यासाठी भांडा, अशी त्यांची भूमिका होती. काँग्रेसच्या गोटात त्यांच्यावर जी टीका झाली ती कूपर यांच्यावर झाली त्याहून कडू होती, कारण ते आपल्यातले होते.

सावरकरांच्या सुटकेचा या मंत्रिमंडळाशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि मराठी वाचकाला हे मंत्रिमंडळ आठवतं ते बहुधा याच कारणाने.

विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९२४मध्ये येरवड्याहून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची होती. ती संपत आली की सरकार वाढवी. असं करत तेरा वर्षं गेली.

आता तांत्रिक बाजू पाहा, कारण कळीचा मुद्दा तिथेच आहे. १९१९च्या कायद्यात, द्विदल राज्यपद्धतीत, पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हा ‘राखीव’ विषय होता. तो गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे असे. लोकांनी निवडलेल्या मंत्र्याचा त्याला हातही लागत नसे. १ एप्रिल १९३७पासून राखीव विषय संपले आणि गृहखातं मंत्र्यांच्या अखत्यारीत आलं. म्हणजे जो निर्णय कौन्सिलात, म्हणजे जुन्या विधिमंडळात, कितीही प्रश्न विचारून होत नव्हता, तो आता चार मंत्र्यांच्या बैठकीत होऊ शकत होता. ते मंत्री अल्पमतातले असले तरी.

जमनादास मेहता यांनी मंत्रिमंडळात येताना सावरकरांच्या बिनशर्त सुटकेचा आग्रह धरला, असं सावरकरांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. १० मे १९३७ला सगळी बंधनं उठली. त्याच वर्षी डिसेंबरात अहमदाबादला सावरकर हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल वाचकांची मतं टोकाची असतात. इथे मुद्दा एवढाच की ही सुटका खेर मंत्रिमंडळाने केली असं अनेक ठिकाणी छापलं जातं आणि ते चूक आहे. तारीख पाहिली की प्रश्न मिटतो: १० मेला खेर सत्तेवर नव्हते.

हे मंत्रिमंडळ घटनाबाह्य होतं का?

कलम ५१नुसार मंत्री निवडणं हा गव्हर्नरचा स्वविवेकाधिकार होता. विधिमंडळाचा सदस्य नसलेला माणूसही सहा महिने मंत्री राहू शकत होता. त्यामुळे कायद्याचं कलम मोडलं, असं म्हणता येत नाही.

पण कायद्याबरोबर प्रत्येक गव्हर्नरला राजाचं एक सूचनापत्र दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की विधिमंडळात स्थिर बहुमत मिळवू शकेल अशा व्यक्तीशी विचारविनिमय करून मंत्री नेमावेत. कूपर ते बहुमत कधी मिळवतील अशी गव्हर्नरलाही आशा नसणार. त्या वेळचे मोठे ब्रिटिश घटनातज्ज्ञ बेरिडेल कीथ यांनी सरकारच्या भूमिकेवर टीका केली, तर सर तेजबहादूर सप्रूंसारख्यांना गव्हर्नरांची बाजू कायदेशीर वाटत होती. माझ्या मते कायद्याचा शब्द पाळला आणि जबाबदार सरकारचा अर्थ पायदळी गेला.

गांधीजींनी एक सूचना केली होती ती आज फारशी कोणाला आठवत नाही. आश्वासन देणं कायद्यात बसतं की नाही, हे तीन न्यायाधीशांच्या लवादाने ठरवावं. निकाल विरुद्ध गेला तर काँग्रेस आपली मागणी सोडून देईल. सरकारने ती स्वीकारली नाही.

विधानसभेत बहुमत नसताना सरकार साडेतीन महिने टिकलं कसं?

विधानसभा बोलावलीच नाही म्हणून. अविश्वासाचा ठराव यायला सभागृह भरावं लागतं. ते भरवण्याचा अधिकार गव्हर्नरचा, आणि त्याने तो वापरला नाही. निवडून आलेले १७५ आमदार घरी बसून होते. काँग्रेसचे लोक सभांमधून सारखं विचारत होते: बहुमत नाही म्हणता, मग सभागृह बोलावून मोजून का पाहत नाही?

बजेट मंजूर न करता पैसा कुठून खर्च केला?

नवी घटना सुरू होतानाच्या संक्रमणकाळासाठी खास तरतूद होती. त्या काळात विधानसभेच्या मंजुरीशिवाय, गव्हर्नरच्या अधिकृत मान्यतेने खर्च करता येई. पण ही सवलत सहा महिन्यांची. नव्या विधानसभेची पहिली बैठकही त्याच मुदतीत घ्यावी लागणार होती. म्हणजे सप्टेंबर उलटायच्या आत कूपर यांना सभागृहासमोर उभं राहावं लागलं असतं आणि पहिल्याच मतदानात सरकार गेलं असतं. ही तारीख सगळ्यांना ठाऊक होती: गव्हर्नरला, कूपरना, काँग्रेसला आणि सचिवालयातल्या कारकुनालाही. जूनमध्ये व्हाइसरॉयची भाषा मऊ झाली त्यामागे हे कॅलेंडरही होतं.

मग या सरकारने काम काय केलं?

कायदा एकही नाही, कारण सभागृहच नव्हतं. जे झालं ते सरकारी हुकमांनी झालं आणि त्यात लोकांच्या लक्षात राहिला तो सावरकरांच्या सुटकेचा. कसेल त्याच्या जमिनीचा, कर्जाचा, शिक्षणाचा कुठलाही मोठा प्रश्न हाती घ्यायला लागणारं बळ या मंत्रिमंडळाकडे नव्हतं.

लोकांनी याला कसं घेतलं?

१ एप्रिलला काँग्रेसने देशभर हरताळ पुकारला होता. नव्या घटनेचा तो निषेध होता, आणि मुंबई प्रांतात नेमक्या त्याच दिवशी कूपर मंत्रिमंडळ कामाला लागलं. सरकारी बाजूला स्वायत्ततेचा पहिला दिवस आणि रस्त्यावर बंद दुकानं, अशी ती सुरुवात. राष्ट्रीय विचारांच्या वर्तमानपत्रांनी या मंत्र्यांना लोकांचे प्रतिनिधी मानलंच नाही.

विदर्भातही असंच सरकार होतं का?

हो, आणि आपल्याकडे त्याची आठवण आणखीच पुसट आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२ जागांमध्ये स्पष्ट बहुमत होतं, तरी नागपूरला डॉ. ई. राघवेंद्र राव यांचं हंगामी मंत्रिमंडळ आलं. राव आदल्या वर्षी काही महिने प्रांताचे हंगामी गव्हर्नर राहिले होते. त्यांच्याबरोबर बी. जी. खापर्डे (अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचे पुत्र), रिझवी आणि अहेरीचे जमीनदार धर्मराव भुजंगराव होते. १४ जुलैला त्यांच्या जागी डॉ. ना. भा. खरे यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं.

इथेही टिळकांच्या जवळच्या घराण्यातला माणूस मंत्रिमंडळात दिसतो. मुंबईत जमनादास, नागपुरात खापर्डे. गांधीयुगात बाजूला पडलेल्या टिळकपंथीयांची ही शेवटची धडपड म्हणून स्वतंत्रपणे अभ्यासली जावी, असं मला मनापासून वाटतं.

इतर प्रांतांत कोण होतं?

संयुक्त प्रांतात छतारीचे नवाब, बिहारमध्ये महंमद युनूस, ओरिसात पारळाखेमंडीचे महाराज, मद्रासला कूर्मा वेंकट रेड्डी नायडू. सगळ्यांचं भवितव्य तेच झालं.

डॉ. आंबेडकर या काळात कुठे होते?

ते मुंबईतून निवडून आले होते आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने लढवलेल्या १७ जागांपैकी बहुतेक जिंकल्या होत्या. कूपर मंत्रिमंडळात ते नव्हते. सभागृह भरत नसल्यामुळे त्यांनाही थांबावं लागलं. ते भरू लागल्यावर सप्टेंबर १९३७मध्ये त्यांनी खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळांच्या प्रश्नावरचं हे विधेयक एप्रिलमध्येही मांडता आलं असतं. विधानसभा न बोलावल्याची किंमत कोणी मोजली, याचं हे एक उदाहरण.

मंत्रिमंडळ शेवटी कसं गेलं?

जूनच्या उत्तरार्धात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर निवेदन केलं. गव्हर्नर रोजच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, मतभेद झाला तर आधी मंत्र्यांशी बोलून मार्ग काढतील, असा त्याचा आशय. काँग्रेसने मागितलेलं आश्वासन ते नव्हतं. पण हवा बदलली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक झाली, गांधीजी जवळच सेगावात होते. आश्वासन अपुरं आहे, तरी आता गव्हर्नरांना खास अधिकार वापरणं सोपं जाणार नाही, असं म्हणून कार्यकारिणीने मंत्रिपदं घ्यायला परवानगी दिली. फैजपूरला पुढे ढकललेला निर्णय सात महिन्यांनी वर्ध्याला झाला.

कूपर आणि सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. १९ जुलैला खेर यांच्यासह सात जणांनी सूत्रं घेतली: अण्णासाहेब लठ्ठे अर्थ, कन्हैयालाल मुनशी गृह, मोरारजी देसाई महसूल, आणि डॉ. गिल्डर, नूरी व एल. एम. पाटील. त्याच महिन्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये विधानसभा पहिल्यांदा भरली आणि गणेश वासुदेव मावळणकर अध्यक्ष झाले.

नरीमन वादाचा याच्याशी संबंध आहे का?

काळ तोच, प्रकरण वेगळं. काँग्रेसचे मुंबईतले मोठे पुढारी वीर नरीमन यांना डावलून मार्चमध्ये खेर यांची विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदी निवड झाली. नरीमन यांनी वल्लभभाई पटेलांवर आरोप केले; गांधीजी आणि डी. एन. बहादुरजी यांनी चौकशी करून निकाल नरीमनांच्या विरुद्ध दिला. नरीमन पारशी आणि कूपरही पारशी, यामुळे काही वाचक दोघांची गल्लत करतात, म्हणून हा प्रश्न घेतला.

महाराष्ट्राच्या इतिहासातलं हे सर्वांत अल्पजीवी सरकार म्हणायचं का?

नाही. १९६३मध्ये मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर पी. के. सावंत यांनी दहाएक दिवस हंगामी मुख्यमंत्री म्हणून काम पाहिलं. नोव्हेंबर २०१९मध्ये देवेंद्र फडणवीस यांचं सरकार शपथविधीनंतर चौथ्याच दिवशी गेलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिल्यावर त्यांनी राजीनामा दिला. १९३७ आणि २०१९ यांची तुलना नेहमी होते. दोन्ही सरकारं विश्वासदर्शक ठरावाला सामोरी न जाताच गेली, हे साम्य खरं. फरक हा की १९३७मध्ये ‘सभागृह बोलवा’ असा हुकूम गव्हर्नरला देऊ शकेल असं न्यायालय देशात नव्हतं.

१९३९मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर पुन्हा अल्पमतातलं सरकार का नाही आणलं?

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबईत या वेळी गव्हर्नर होते सर रॉजर लम्ली. त्यांनी कूपर यांच्यासारखा कोणी शोधला नाही. सरळ कलम ९३ लावलं आणि ही राजवट १९४६पर्यंत चालली. आता घटना चालते हे जगाला दाखवायची गरज उरली नव्हती, युद्धाच्या काळात सरकारला प्रांत थेट हातात हवा होता, आणि विधानसभा दोन वर्षं भरल्यामुळे तिथे कोणाची किती मतं आहेत हे सगळ्यांना नावानिशी माहीत झालं होतं. कूपर पुन्हा सत्तेवर आले नाहीत. १९४७मध्ये त्यांचं निधन झालं.